दाराजवळची ती रुंद जागा कोणाची?

एप्रिल-मेमध्ये खानदेशातल्या कुठल्याही सुपरमार्केटच्या आवारात गाडी लावणारा माणूस दोनच गोष्टी शोधतो: सावली आणि दार. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात तर विचारूच नका. लेकी माहेरी येणार, सांजोऱ्यांचा रवा हवा, पुरणाची डाळ हवी, पापड-कुरडयांचं सामान हवं आणि बाहेर पारा 44 च्या आसपास. अशा वेळी दाराला सगळ्यात जवळची, कित्येक ठिकाणी पोर्चच्या सावलीत येणारी जागा नेमकी निळ्या रंगाची असते. तिच्यावर व्हीलचेअरचं चित्र असतं. बऱ्याच दुकानांत सगळ्यात आधी भरते ती हीच, आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीचा व्हीलचेअरशी काहीही संबंध नसतो.

असं करणारी माणसं वाईट असतात असं मला वाटत नाही. त्यांना ती जागा म्हणजे सरकारने दिलेली एक सवलत वाटते. जवळ गाडी लावायला मिळणं हा एक मान, आणि तो घेणारा कोणी आला नाही तर आपण घेतला म्हणून कुठे बिघडलं, असा हिशोब असतो. हा हिशोब मुळातच चुकतो, कारण त्या जागेत दारापासूनच्या अंतराइतकीच, किंबहुना जास्तच, महत्त्वाची असते तिची रुंदी.

चारचाकीच्या साध्या जागेचं माप राज्याच्या बांधकाम नियमावलीत 2.5 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब असं आहे. राखीव जागा किमान 3.6 मीटर रुंद असावी लागते. वरचा 1.1 मीटर कशासाठी, हे एखाद्या व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला गाडीतून उतरताना बघितलं की लगेच कळतं. आधी डिकीतून घडीची खुर्ची काढायची, उघडायची, सीटच्या शेजारी तिरकी लावायची, तिचे ब्रेक लावायचे. गाडीचं दार पूर्ण, म्हणजे शेवटच्या खटक्यापर्यंत उघडावं लागतं. मग हातांच्या जोरावर अंग सीटवरून खुर्चीवर सरकवायचं. साधी व्हीलचेअरच 65 ते 70 सेंटिमीटर रुंद असते, चाकं फिरवताना कोपरं त्याच्याही बाहेर जातात, आणि धरायला कोणी सोबत असेल तर त्यालाही उभं राहायला जागा लागते. दोन गाड्यांच्या मधल्या नेहमीच्या फटीत आपण पोट आत घेऊन निघतो. तिथे हे सगळं शक्यच नाही.

म्हणून राखीव जागेच्या कडेला तिरप्या पट्ट्यांचा जो मोकळा भाग आखलेला असतो, तो त्या जागेचाच भाग आहे. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. चारचाकीवाला एक वेळ चित्र बघून पुढे जातो, पण मोटारसायकलवाल्याला तो पट्ट्यांचा भाग रिकामा दिसतो आणि तो तिथे गाडी लावून हँडल लॉक करतो. अमळनेरच्या माझ्या आत्याच्या बाबतीत हे घडलेलं आहे. आत जाताना सगळं ठीक होतं. खरेदी करून बाहेर आलो तर गाडीच्या दाराला लागून दोन मोटारसायकली. दार अर्धंच उघडत होतं. आतमध्ये माइकवरून नंबर पुकारला, तरी एकाचा मालक येईपर्यंत आत्या उन्हात खुर्चीत बसून राहिली आणि दुधाच्या पिशव्या हातातच तापल्या. गाडी बाहेर काढून मोकळ्या जागेत तिला बसवावं म्हटलं, तर मागे रांग लागलेली. राखीव जागा मिळूनसुद्धा तिचा उपयोग झाला नाही, कारण कोणीतरी तिचा फक्त एक मीटर घेतला होता.

आता नियम काय म्हणतात ते बघू. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर महाराष्ट्रातल्या बांधकामांना 2020 ची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळी तिला यूडीसीपीआर म्हणतात. जळगाव, धुळे या महापालिका असोत की भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार या नगरपालिका, नकाशा मंजूर होतो तो या नियमावलीनुसार. लोकांची ये-जा असणाऱ्या इमारतींसाठी तिच्यात दिव्यांगांच्या सोयींचा वेगळा भाग आहे. प्रवेशद्वाराजवळ जमिनीच्या पातळीवर दोन गाड्यांची जागा, इमारतीच्या दारापासून जास्तीत जास्त 30 मीटर अंतरावर, प्रत्येकीची रुंदी किमान 3.6 मीटर आणि जागा राखीव असल्याची ठळक पाटी, असं त्यात लिहिलेलं आहे. अंध व्यक्तींना दिशा कळावी म्हणून जमिनीवर वेगळ्या फरशा किंवा आवाजाची सोय करण्याचाही उल्लेख आहे; ती मात्र फारशी कुठे दिसत नाही.

30 मीटर म्हणजे आपली चाळीसेक पावलं. कुबड्या घेऊन चालणाऱ्याला तेवढं अंतरसुद्धा बरंच असतं. आणि हे अंतर त्याच्या वाटेने मोजायला हवं. मध्ये गटारावरची जाळी, तीन इंच उंच कठडा किंवा ट्रॉल्यांची रांग आली तर त्याला वळसा पडतो, आणि नकाशावरचे 30 मीटर प्रत्यक्षात कितीतरी वाढतात.

या नियमात खानदेशासारख्या भागाच्या दृष्टीने एक मोठी उणीव मला दिसते. तो चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. आपल्याकडे दिव्यांग माणूस एकट्याने बाजाराला येतो तो बहुतेकदा साइडव्हील लावलेल्या स्कूटरवर. दुचाकीच्या जागेचं नियमावलीतलं माप आहे 1 मीटर बाय 2 मीटर. दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर त्या रांगेत बसत नाही, आणि कशीबशी घुसवली तरी चालवणाऱ्याला बाजूला उतरून कुबडी टेकायला जागा राहत नाही. शिवाय ती साइड स्टँडवर कलत नाही, की उचलून सरकवता येत नाही. इतर दुचाक्या लावल्यावर वॉचमन त्यांचं मागचं चाक उचलून रांग सरळ करतो, ते हिच्या बाबतीत जमत नाही. तिला खरी सोयीची जागा म्हणजे तीच 3.6 मीटरवाली निळी जागा. तिथे साइडव्हीलची स्कूटर आली की कितीतरी वॉचमन हात करतात, ‘टू-व्हीलर तिकडे, मागे.’ हे चूक आहे. जागा माणसासाठी राखीव आहे. तो किती चाकांवर आला याने त्याचा हक्क कमी होत नाही. दुकानाने एका निळ्या जागेत दोन भाग आखून साइडव्हीलच्या स्कूटरींसाठी ठेवले, तर आपल्या गावांमध्ये तिचा उपयोग कितीतरी वाढेल.

ती जागा वापरायची कोणी? 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 21 प्रकारची दिव्यांगता मानतो. 1995 च्या जुन्या कायद्यात प्रकार थोडे होते. बऱ्याच सरकारी योजनांसाठी 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि आता त्यासाठी देशभर चालणारं युडीआयडी कार्ड मिळतं. त्याला स्वावलंबन कार्डही म्हणतात. पण गाडीवर लावायची, सगळीकडे मान्य असलेली पार्किंगची पाटी आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये ब्लू बॅज नावाचं अधिकृत कार्ड असतं, ते काचेमागे ठेवायचं. अमेरिकेत राज्यं आरशाला अडकवायची पाटी किंवा वेगळी नंबरप्लेट देतात. आपल्याकडे काचेवर व्हीलचेअरचं स्टिकर लावायची पद्धत आहे, पण ते स्टिकर बाजारात कोणालाही विकत मिळतं, म्हणून त्याला पुरावा म्हणता येणार नाही. वॉचमनने शंका आली तर सभ्यपणे विचारावं आणि कार्डधारकाने ते जवळ ठेवावं, एवढ्यावर काम भागतं. कार्डाची झेरॉक्स काचेला चिकटवू नका. त्यावर नाव-पत्ता असतो.

आणि कार्डापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ती व्यक्ती गाडीत असायला हवी. वडिलांचं कार्ड खिशात आहे म्हणून मुलाने एकट्याने येऊन निळ्या जागेत गाडी लावणं बरोबर नाही. उलट दिव्यांग आई मागच्या सीटवर आहे आणि गाडी धडधाकट मुलगी चालवते आहे, तर ती जागा त्यांची आहे. आई गाडीतच बसून राहणार असेल आणि सामान मुलगी एकटीच आणणार असेल, तर मात्र साध्या जागेत गाडी लावणं हाच चांगुलपणा. आईला उतरायचंच नसेल तर रुंदीची गरज पडत नाही.

‘अहो, तो तर चांगला चालत गेला!’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि त्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. सिकलसेल तर आपल्याच भागाचं दुखणं आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्कलकुवा-धडगावकडच्या आदिवासी कुटुंबांमध्ये हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. या रोगात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्या-हाडांत असह्य वेदना उठतात. अंगातलं पाणी कमी होणं, खूप दमणं ही त्या वेदना उठण्याची नेहमीची कारणं. मे महिन्यातल्या खानदेशी दुपारी आवाराच्या टोकापासून चालत येणं अशा माणसाला किती महागात पडेल याचा अंदाज करा. दिसायला तो वीस-बावीस वर्षांचा चांगला तरुण असतो. त्याला चारचौघांत ‘काय रे, तुला काय झालंय?’ असं विचारण्याआधी हे आठवायला हवं.

याला कायद्याची बाजूही आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत, तिला खाली दाखवण्याच्या हेतूने मुद्दाम अपमान करणं किंवा तिला धमकावणं हा 2016 च्या कायद्याच्या कलम 92 खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेणाऱ्यासाठी कलम 91 आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही दोन्ही कलमं शेजारी-शेजारी आहेत हे मला योग्य वाटतं.

आता ते ‘दोन मिनिटं’. आपल्याकडे निळ्या जागेत गाडी घालताना वॉचमनला आवाज देतात, ‘दोन मिन्टमा उनू भो!’ (दोन मिनिटांत आलो भाऊ!) आणि माणूस आत जातो. इंडिकेटर चालू ठेवला की ते पार्किंग नव्हेच, अशीही एक समजूत आहे. एसटीच्या राखीव सीटवर कोणी नसताना बसलं तर चालतं, कारण हक्काचा माणूस आला की तुम्ही तिथेच असता आणि लगेच उठता. गाडी लावून तुम्ही मात्र आत, बिलाच्या रांगेत असता. हक्काचा माणूस येतो, जागा भरलेली बघतो आणि बऱ्याचदा तसाच परत जातो. तो परत गेल्याचं तुम्हाला कधीच कळत नाही. म्हणून ‘कोणी येतच नाही, रिकामीच असते’ हे खरं वाटायला लागतं. ड्रायव्हर गाडीत बसलेला असेल तर थोडा फरक पडतो, पण त्यालाही शेजारून हॉर्न वाजवून उठवावं लागतं, आणि हॉर्न वाजवून आपला हक्क मागायला सगळ्यांना जमत नाही.

गरोदर बाई, तान्हं बाळ कडेवर घेतलेली आई, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा यांच्यासाठी काही दुकानं वेगळ्या जागा ठेवतात. ती दुकानाची सौजन्याची सोय आहे, कायद्याने सांगितलेली नाही. ब्रिटनच्या सुपरमार्केटांत आई-बाळाच्या जागा असतात, त्यांनाही कायद्याचा आधार नाही. तरीही त्या पाळाव्यात, यात मला शंका नाही. फक्त या दोन प्रकारांची अदलाबदल करू नये. जागा नाही म्हणून आजोबांना निळ्या जागेत उतरवणं आणि गाडी पुढे नेऊन लावणं, हे समजण्यासारखं आहे. तिथे तासभर गाडी उभी ठेवणं वेगळं. गुडघेदुखीने खरोखर चालता न येणाऱ्या आजींना प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि ते काढून घेणं हाच सरळ रस्ता आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगची जागा पेट्रोलच्या गाडीने अडवू नये आणि चार्जिंग झालं की हलवावी, एवढं पुरे. अग्निशामक बंब आणि रुग्णवाहिकेची वाट मात्र राखीव जागांपेक्षाही वरची आहे. तिथे कोणाचीही, दिव्यांग व्यक्तीचीसुद्धा, गाडी उभी राहू शकत नाही. आणि ‘साहेबांची गाडी’ किंवा ‘भाऊंची गाडी’ अशी राखीव जागा कुठल्याच नियमात नाही. दुकानाला मालकासाठी जागा ठेवायची असेल तर त्याने ती मागे ठेवावी.

नियम मोडला तर कारवाई कोण करणार, हा सर्वांत अवघड भाग. रस्त्यावर वाहतूक पोलीस आहेत, टोइंगची गाडी आहे. सुपरमार्केटचं आवार ही खासगी मालमत्ता. तिथे पोलीस रोज येऊन चलान फाडत नाहीत, आणि वॉचमनला तर तो अधिकारच नाही. आपल्या आवारात कोणी, कुठे, कशी गाडी लावायची हे ठरवण्याचा आणि न ऐकणाऱ्याला बाहेर काढण्याचा हक्क मालकाला असतो. म्हणजे रोजची जबाबदारी दुकानाच्या व्यवस्थापनावर येते, आणि कायदाही तिथेच बोट ठेवतो. 2016 च्या कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी इमारत नव्हे; लोकांची ये-जा असलेली, व्यापारासाठी वापरली जाणारी खासगी इमारतही त्यात येते. सुलभतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी देऊ नये आणि पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये, असं कलम 44 म्हणतं. कायदा मोडल्याबद्दल कलम 89 मध्ये पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 पासून 5 लाखांपर्यंत.

तरी इतकी वर्षं फार काही हललं नाही, याचं एक कारण सर्वोच्च न्यायालयानेच दाखवून दिलं. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने 2005 मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल आला. या कायद्याखालच्या 2017 च्या नियमांतला नियम 15 सुलभतेचे निकष फक्त शिफारशीसारखे मांडतो, सक्तीचे करत नाही, आणि हे मूळ कायद्याच्या विरुद्ध आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि सक्तीचे नियम करायला केंद्र सरकारला सांगितलं. ‘करता आलं तर बघा’ आणि ‘करावंच लागेल’ यातला फरक म्हणजे हा निकाल.

दुकानाने काय करावं, हे फार खर्चाचं काम नाही. जमिनीवरचं चित्र गाडीखाली झाकलं जातं आणि टायरने वर्षभरात पुसट होतं, म्हणून खांबावर पाटी हवीच. रंग पुन्हा मारत राहावा लागतो. जागा अडू नये म्हणून काही ठिकाणी तिथे प्लास्टिकचा शंकू, साखळी किंवा खुर्ची ठेवतात. हेतू चांगला असतो, पण साइडव्हीलवर एकटा आलेला माणूस तो शंकू उतरून उचलणार कसा? शंकू ठेवायचा असेल तर तो हलवणारा माणूस नजरेच्या टप्प्यात हवा. ट्रॉल्या परत ठेवण्याची जागा निळ्या पट्ट्यांपासून दूर करावी, आणि कामगारांच्या मोटारसायकली रॅम्पच्या तोंडाशी लावू देऊ नयेत.

वॉचमनबद्दल मला खास लिहायचं आहे. बारा-बारा तास उन्हात उभा असणारा हा माणूस मोठ्या गाडीतून उतरणाऱ्याला ‘आठे (इथे) लावू नका भाऊ’ म्हणतो तेव्हा त्याला बऱ्याचदा शिव्या मिळतात, ‘ओळखत नाही का मला’ ऐकावं लागतं आणि मॅनेजर ‘जाऊ दे, गिऱ्हाईक आहे’ म्हणून त्यालाच गप्प करतो. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो तोंड उघडत नाही. मॅनेजरने बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभं राहायला हवं. आपणही, गिऱ्हाईक म्हणून, तिथे असलो तर त्याच्या बाजूने शांतपणे एक वाक्य बोलू शकतो. भांडायची गरज पडत नाही. ‘दादा, ती जागा दिव्यांगांची आहे, तिकडे पुढे रिकामी आहे’ एवढ्यावर निदान काही जण तरी गाडी हलवतात.

तक्रार करायची असेल तर गाडीच्या नंबराचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तो सिकलसेलचा रुग्ण असू शकतो, आणि मग बदनामी तुम्ही केलेली असते. आधी मॅनेजरला सांगा, तक्रारवही असेल तर तारीख घालून लिहा. जागाच नसेल, अरुंद असेल किंवा तिथे सामानाची खोकी रचलेली असतील तर महापालिका किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि मंजूर नकाशात ती जागा कुठे दाखवली आहे ते विचारा. माहिती अधिकारात तो नकाशा मागता येतो. तिथे काम झालं नाही तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. चौकशी करताना कोणाला बोलवायचं, कागद मागवायचे असे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना कायद्याने दिलेले आहेत. केंद्र सरकारच्या सुगम्य भारत अ‍ॅपवरही जागेचा फोटो टाकून तक्रार करता येते.

धुळे-जळगावातच नव्हे, तालुक्याच्या गावांतही आता मोठी दुकानं उघडायला लागली आहेत. कुठे नवं बांधकाम चालू दिसलं तर तक्रारीची सर्वांत चांगली वेळ तीच. पूर्णत्वाचा दाखला निघायच्या आधी एक अर्ज द्यावा, मोजपट्टी घेऊन जावं आणि दोन गोष्टी तपासाव्यात: रुंदी 3.6 मीटर भरते का, आणि तिथून दारापर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं का. दाखला मिळाल्यावर भिंत सरकवायला कोणी तयार होत नाही. त्याआधी फक्त रंगाची रेघ सरकवावी लागते.